शेवटचा शब्द कोणाचा?

दर सप्टेंबरात वांद्र्याची जत्रा भरते. मोतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, डोंगरावर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं विकायला मांडलेली असतात. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय वाहतो, ज्याला डोक्यावर छप्पर हवं तो घर वाहतो. आणि दर सप्टेंबरात तोच वादही रंगतो. प्रॉटेस्टंट मंडळींपैकी कोणीतरी बायबलमधल्या दहा आज्ञांतली मूर्तीला मनाई करणारी आज्ञा तोंडावर फेकतो आणि विचारतो, "हे ख्रिस्ती म्हणायचे?" कॅथलिक उत्तर देतो, "आम्ही मरियेची पूजा करत नाही, तिला मान देतो. आणि तुमचं काय? इंग्लंडच्या राजाला दुसरी बायको हवी होती म्हणून तुमचा पंथ निघाला." तेवढ्यात तिसरा, बहुधा हिंदू, समजूतदारपणे म्हणतो, "म्हणजे कॅथलिक हे सनातनी आणि प्रॉटेस्टंट हे आर्यसमाजी, असंच ना?" तिघंही आपापल्या जागी समाधानी होतात आणि पुढच्या सप्टेंबरापर्यंत विषय मिटतो. ('ती ख्रिश्चन आहे की कॅथलिक?' असं निरागसपणे विचारणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांना तर या वादाचं काही देणंघेणंच नसतं.)

माझं म्हणणं असं, की या तिघांनीही भलत्याच दारावर धडका मारल्या आहेत. कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती यांच्यातला फरक मरियेच्या पुतळ्यात शोधायला गेलं की तो हाती लागत नाही. देवाने जे सांगितलं त्याचा अर्थ सर्वांवर बंधनकारक ठरेल अशा रीतीने सांगण्याचा अधिकार पृथ्वीवरच्या एखाद्या दृश्य संस्थेला आहे का, आणि असला तर तो रोमच्या बिशपापाशी, म्हणजे पोपपाशी, येऊन थांबतो का, हा खरा प्रश्न आहे. कॅथलिक दोन्हींना 'हो' म्हणतो. ऑर्थोडॉक्स (ग्रीक, रशियन वगैरे पूर्वेकडच्या जुन्या चर्चेसचा माणूस) पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणतो. प्रॉटेस्टंट पहिल्यालाच अडखळतो. बाकीचे फरक, म्हणजे संत, जपमाळ, परगेटरी (मरणानंतर आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था), पापनिवेदन, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य, यांतले काही या उत्तराच्या पोटी जन्मलेले आहेत आणि काही तर सिद्धांत नसून नुसते रिवाज आहेत. आपल्या दर्शनांच्या भाषेत सांगायचं तर हे भांडण प्रमेयाचं (काय मानायचं याचं) कमी आणि प्रमाणाचं (कशाच्या आधारावर मानायचं याचं) जास्त आहे.

हे पडताळून पाहता येतं. ज्या गोष्टी आपल्याला 'कॅथलिक' वाटतात त्या सगळ्या आहेत पण पोप नाही, अशी चर्चेस आहेत का? आहेत, आणि ती काही कोपऱ्यातली नाहीत. ग्रीक, रशियन, सर्बियन, रुमानियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जा. भाविक चित्रांचं चुंबन घेतात, धूप जाळतात, संतांच्या अस्थींपुढे नतमस्तक होतात, मृतांसाठी प्रार्थना करतात. मरियेला 'देवाची माता' म्हणावं हे इफिससच्या परिषदेत ४३१ साली ठरलं, चित्रांना मान द्यावा पण आराधना फक्त देवाची करावी हे नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत ७८७ साली ठरलं, आणि या दोन्ही परिषदा ऑर्थोडॉक्स आजही शिरोधार्य मानतात. तरी ते कॅथलिक नाहीत. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर टाकलेला बहिष्कार १९६५ साली दोन्हीकडून मागे घेतला गेला, पण चर्च एक झालं नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकत्वाचा सिद्धांत जाहीर केला तेव्हा जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियातल्या काही कॅथलिकांनी तो नाकारला आणि ते 'जुने कॅथलिक' म्हणून वेगळे झाले. सुरुवातीला त्यांची मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना) तीच होती, संत तेच होते, मरियाही तीच. गेलं ते फक्त रोम.

आता उलटी बाजू. आपल्याला कॅथलिक वाटणार नाहीत असे रिवाज पाळणारे पण कॅथलिक असलेले लोक? युक्रेनचं ग्रीक-कॅथलिक चर्च घ्या. १५९६ साली ब्रेस्ट इथे झालेल्या करारातून ते रोमशी जोडलं गेलं. त्यांच्या देवळात पुतळे नाहीत, चित्रं आहेत. भाकर आंबवलेली असते. लग्न झालेला माणूस तिथे पाद्री होऊ शकतो. डोळे झाकून आत नेलं तर अनेक जण त्याला ऑर्थोडॉक्सच समजतील. पण ते रोमशी एकरूप आहे म्हणून कॅथलिक आहे, आणि अशी पौर्वात्य कॅथलिक चर्चेस एकूण २३ आहेत. दोन चर्चेस शेजारीशेजारी उभी, आत उपासना जवळपास एकच, आणि एक कॅथलिक तर दुसरं नाही, हे ज्याला समजावता येत नाही त्याने मूर्तीवरून निष्कर्ष काढू नये.

प्रॉटेस्टंटांच्या घरातही हेच दिसतं. मूर्तींवर तुटून पडलं ते झुरिक. तिथे झ्विंग्ली या सुधारकाच्या प्रभावाखाली १५२४ साली चर्चमधली चित्रं आणि पुतळे काढून टाकण्यात आले. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या जर्मनीच्या ल्यूथरला ही तोडफोड पसंत नव्हती. त्याने १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर प्रेमाने भाष्य लिहिलं, आणि ल्यूथरन चर्चच्या वेदीवर आजही क्रुसावरचा येशू दिसतो. गंमत म्हणजे दहा आज्ञा मोजण्याची ल्यूथरनांची पद्धत कॅथलिकांसारखीच आहे. मूर्तीची आज्ञा ते वेगळी मोजत नाहीत, पहिलीतच धरतात. तेव्हा 'प्रॉटेस्टंट म्हणजे मूर्तिभंजक' हे समीकरण प्रॉटेस्टंटांच्या पहिल्या पिढीतच मोडलं होतं.

यावर सगळ्यात दणकट आक्षेप असा, की हे सगळं पुस्तकी झालं. परिषदांनी आराधना आणि आदर यांत भेद केला असेल, पण डोंगरावर मेणाचा पाय घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो भेद ठाऊक आहे का? तिच्या मनात मरिया ही मध्यस्थ आहे की देणारी? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. लोकांचा धर्म सिद्धांतांच्या रुळावरून चालत नाही, आणि कॅथलिक प्रवक्ते 'आमच्या शिकवणीत तसं नाही' एवढं म्हणून मोकळे होतात तेव्हा ते प्रत्यक्षाकडे पाठ फिरवतात. पण या आक्षेपातून जे सिद्ध करायचं आहे ते सिद्ध होत नाही. त्या रांगेत हिंदू किती असतात ते पाहा. त्यांच्या श्रद्धेचा हिशेब कोणत्या चर्चच्या खात्यावर मांडायचा? आणि मूर्तीला नाकं मुरडणाऱ्या कित्येक नव्या मंडळ्यांत अभिमंत्रित तेलाच्या बाटल्या आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे रुमाल चालतातच की. दुखऱ्या माणसाला हाताने धरता येईल असं काहीतरी हवं असतं, मग तो कोणत्याही पंथाचा असो. जे सगळीकडे सारखं आहे ते दोघांतला फरक कसं ठरेल?

इंग्लंडच्या राजाचा टोमणा तर कॅथलिकांनी मारूच नये, कारण तो त्यांच्यावरच उलटतो. आठव्या हेन्रीला लग्न मोडायचं होतं, हे खरंच. पण रोमशी फारकत घेतल्यावर त्याने काय केलं? १५३९ सालच्या त्याच्या सहा कलमांच्या कायद्याने मिस्सेतल्या भाकरीचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं ही शिकवण, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य आणि खासगी पापनिवेदन कायम ठेवलं. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी तीन प्रॉटेस्टंटांना पाखंडासाठी जिवंत जाळलं आणि राजाला चर्चचा प्रमुख न मानणाऱ्या तीन कॅथलिकांना राजद्रोहासाठी मारलं. हेन्रीच्या राज्यात शिकवण बरीचशी कॅथलिकच राहिली, पोप तेवढा गेला. याहून स्वच्छ प्रयोग इतिहास आपल्याला आणखी कोणता करून दाखवणार?

आता प्रॉटेस्टंटांच्या गोटात शिरू. 'केवळ बायबल' हे त्यांचं प्रमाण. हे प्रमाण पुरेसं आहे का, याची पहिली मोठी परीक्षा झाली ती १५२९ सालच्या ऑक्टोबरात, जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात. हेसचा संस्थानिक फिलिप याने ल्यूथर आणि झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं, कारण रोमविरुद्ध एकजूट हवी होती. पंधरा मुद्दे होते. चौदांवर एकमत झालं. पंधरावा होता प्रभुभोजनाचा. भाकर हाती घेऊन 'हे माझं शरीर आहे' असं येशू म्हणाला, ते खरोखरीचं की खुणेचं? ल्यूथरने चर्चेच्या सुरुवातीलाच ते वाक्य खडूने लॅटिनमध्ये मेजावर लिहून ठेवलं आणि वर मखमलीचं कापड ओढलं. झ्विंग्ली योहानाच्या शुभवर्तमानातलं 'देहाचा काही उपयोग नाही' हे वचन पुन्हापुन्हा पुढे करत राहिला. पुरावा मागितला गेला तेव्हा ल्यूथरने कापड दूर करून लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. दोघंही विद्वान, दोघंही रोमचे विरोधक, दोघांच्या हातात एकच ग्रंथ. आणि दोघांत निवाडा करणारं कोणी नाही. निघताना ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणून हात द्यायचं नाकारलं.

कॅथलिक वाचक इथे गालात हसत असेल. त्याने जरा थांबावं. निवाडा करणारं पीठ असलं म्हणजे निवाडा बरोबरच असतो, हे कशावरून? भाकरीचं तत्त्व बदलतं पण रूप तेच राहतं, ही मांडणी रोमने १२१५ साली लॅटेरनच्या परिषदेत स्वीकारली आणि १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेत पक्की केली, ती अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेच्या छायेत. ख्रिस्त तिथे खरोखर आहे असं मानणारे ऑर्थोडॉक्स त्या परिभाषेशिवाय हजार वर्षं सुखाने प्रसाद घेत आले होते. तरीही फरक किती खोल आहे हे पाहायचं असेल तर मोठमोठी भाष्यं वाचू नका, उपासना संपल्यावर उरलेल्या भाकरीचं काय होतं ते पाहा. वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीजवळच्या छोट्या पेटीत कुलूपबंद होतो, शेजारी लाल दिवा अखंड तेवत असतो आणि चर्च रिकामं असलं तरी आत येणारा त्या दिशेने गुडघा टेकतो. बहुतेक प्रॉटेस्टंट उपासना मंदिरांत अशी पेटी नसते. मधोमध उपदेशाचं व्यासपीठ असतं, त्यावर उघडं बायबल, आणि उरलेली भाकर ही भाकरच असते. एकाची नजर पेटीकडे जाते, दुसऱ्याची पुस्तकाकडे.

आणि ते पुस्तक तरी एकच आहे का? कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. जुन्या करारातली तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तकं प्रॉटेस्टंटांनी प्रमाणग्रंथांतून बाहेर ठेवली. ट्रेंटने १५४६ साली ती प्रमाण म्हणून शिक्कामोर्तब केली. हा नुसता पानांचा हिशेब नव्हे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात युद्धात पडलेल्यांच्या पापक्षालनासाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याचा प्रसंग आहे. ते पुस्तक आत असलं की मृतांसाठी मिस्सा आणि मरणानंतरच्या शुद्धीची कल्पना यांना ग्रंथाचा आधार मिळतो. बाहेर गेलं की तो जातो. म्हणून २ नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजतात आणि गेलेल्यांसाठी देवाकडे रदबदली होते. नगरकडच्या प्रॉटेस्टंट अंत्यविधीत मात्र प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. मेलेल्याचा निकाल देवाकडे लागून चुकलेला असतो.

कॅथलिकांचा सर्वांत ताकदीचा युक्तिवाद याच जागेवरून निघतो. बायबल आकाशातून अनुक्रमणिकेसह पडलं नाही. कोणती पुस्तकं आत आणि कोणती बाहेर हे चर्चने शतकानुशतकं ठरवलं. मग ज्या चर्चच्या शब्दावर तुम्ही ग्रंथ मान्य करता, त्याच चर्चचा अर्थाबाबतचा शब्द का नाकारता? प्रॉटेस्टंटांचं याला उत्तर आहे आणि ते लेचंपेचं नाही. मृत्युपत्र खरं आहे असा निर्वाळा न्यायालय देतं, म्हणून ते न्यायालय मृत्युपत्र लिहिणारं होत नाही, की त्यातल्या इस्टेटीचं मालकही होत नाही. चर्चने ग्रंथ ओळखला, घडवला नाही. मला हे उत्तर अर्ध्यापर्यंत पटतं. पुढे अडतं ते असं, की त्याच न्यायालयाचा निर्वाळा ६६ पुस्तकांबाबत ग्राह्य आणि उरलेल्या सातांबाबत अग्राह्य, हे ठरवायला पुन्हा कोणीतरी लागतंच. त्या 'कोणीतरी'ला टाळून पुढे जाता येत नाही.

कोणी म्हणेल, ल्यूथरची मूळ तक्रार तर वेगळीच होती. तारण श्रद्धेने मिळतं की कर्मांनीही? १५१७ साली विटेनबर्गमध्ये त्याने ज्या ९५ मुद्द्यांनी वादाला तोंड फोडलं, ते पापदंडातून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध होते. ती विक्री लाजिरवाणी होती, रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला त्यातून पैसा जात होता, आणि इथे ल्यूथर बरोबर होता असं आज बरेच कॅथलिकही मानतील. श्रद्धेने नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर ट्रेंटने १५४७ साली ल्यूथरविरुद्ध निकाल दिला आणि पुढची साडेचारशे वर्षं हीच भिंत म्हणून दाखवली गेली. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये व्हॅटिकन आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नव्हे, एवढ्या गाभ्यावर एकमत झालं. पुढे इतर प्रॉटेस्टंटांपैकी मेथडिस्ट आले, २०१७ साली सुधारित चर्चेसचा जागतिक संघ आला. ज्या मुद्द्यावरून घर फुटलं असं दोन्ही बाजू सांगत आल्या, तो मुद्दा बऱ्याच अंशी सुटला. मग दोघं प्रभुभोजनाच्या एका मेजावर आले का? नाही आले. कारण पुढचा प्रश्न तसाच उभा राहिला: ल्यूथरन पाळकाला दीक्षा दिली कोणी, आणि ती रोमच्या लेखी खरी आहे का? अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या) पाद्र्यांची दीक्षा रोमने १८९६ साली पूर्णतः निरर्थक ठरवली होती, आणि तो निर्णय आजही रद्द झालेला नाही.

मला सगळ्यात जड जाणारा आक्षेप याच्याही पुढचा आहे. अधिकार, अधिकार म्हणता, पण त्या अधिकाराने काय केलं ते गोव्याला विचारा. १५६० साली तिथे इन्क्विझिशन आलं आणि १८१२ साली कायमचं गेलं; अडीचशे वर्षं लोकांची श्रद्धा तपासायला न्यायालय बसवलं होतं. हे कॅथलिक चर्चच्या मानेवरचं ओझं आहे आणि 'त्या काळी सगळीकडे तसंच होतं' म्हणून ते हलकं होत नाही. पण म्हणून केवळ ग्रंथाला प्रमाण मानणाऱ्यांचे हात स्वच्छ राहिले का? झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ याने बायबल वाचलं आणि त्यात त्याला बालकांच्या बाप्तिस्म्याला आधार सापडला नाही. जानेवारी १५२७ मध्ये झ्विंग्लीच्या त्याच शहराने त्याला लिमाट नदीत बुडवून मारलं. १५५३ साली कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या जिनिव्हात मिखाएल सर्व्हेटसला पाखंडी ठरवून जाळलं. प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचावा असं सांगणाऱ्यांनी, स्वतः वाचून वेगळं मत बनवणाऱ्याला नदीत का ढकललं? राजसत्ता हाताशी असली की दोन्ही प्रमाणांतून सारखाच धूर निघतो. फरक धूर विझल्यावर दिसतो.

तो आपल्या मातीत चांगला दिसतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनी कॅथलिक वळणाच्या होत्या; व्रतं, शिस्त, आज्ञापालन सगळं होतं. रमाबाईंनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) शिकवणीवर आणि ती मांडणाऱ्या अथनासियन मतांगीकारावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. सिस्टर जेराल्डीन यांनी चर्चच्या अधिकाराची आठवण करून दिली, तेव्हा रमाबाईंनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती तशाच दुसऱ्या जोखडात घालायची तयारी नाही. आणि त्या ख्रिस्तीच राहिल्या. पुढे केडगावला राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झालं. आता याशेजारी कॅथलिक धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ठेवा. १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेला हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीचं लेणं आहे, यात वाद नाही. पण तो छापला गेला तो इन्क्विझिशनच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने. एका ग्रंथाच्या मागे एका बाईची सदसद्विवेकबुद्धी उभी आहे, दुसऱ्याच्या मागे सबंध संस्था. स्टीफन्सची भाषा अधिक रसाळ आहे, असं माझं मत. पण रमाबाईंना परवानगी मागावी लागली नाही, हेही तितकंच खरं.

अजून एक जोडी पाहण्यासारखी आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्यांना अडवणारं जगात कोणी नव्हतं. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय कॅथलिक झाले होते. हिंदू संन्याशांच्या धर्तीवर कॅथलिक मठ काढावा, अशी त्यांची धडपड जबलपूरजवळ नर्मदाकाठी चालली होती. रोमच्या भारतातल्या प्रतिनिधीने परवानगी नाकारली आणि मठ मिटला. दोघांचं स्वप्न एकाच जातीचं होतं. एकाच्या स्वप्नाला कुलूप लावणारा कोणीतरी होता, दुसऱ्याच्या स्वप्नाला पाठबळ देणारं कोणीच नव्हतं आणि १९१९ साली टिळक गेल्यावर दरबार टिकला नाही. कोणतं बरं? मी याचं एका वाक्यात उत्तर देणार नाही, कारण हाच अधिकार उलट्या दिशेनेही चालतो. मदुराईत रॉबर्ट दि नोबिली हा कॅथलिक धर्मोपदेशक ख्रिस्ती झालेल्यांना जानवं आणि शेंडी ठेवू देत होता म्हणून त्याच्या स्वकीयांनीच बोंब ठोकली, तेव्हा रोमने १६२३ साली नोबिलीच्या बाजूने कौल दिला. १७४४ साली त्याच रोमने असल्या रिवाजांवर बंदी घातली.

आता त्या समजूतदार तिसऱ्या माणसाकडे वळतो. कॅथलिक म्हणजे सनातनी आणि प्रॉटेस्टंट म्हणजे आर्यसमाजी ही तुलना मूर्तीपुरती चालते, पुढे कोलमडते. सनातनी हिंदूंत असं कोणतं पीठ आहे, ज्याचा निर्णय काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येकावर बंधनकारक असेल? शंकराचार्यांचीच पीठं चार, आणि त्यांचंही वारकऱ्यावर चालत नाही. निवाडा न करता परस्परविरोधी मतं शेजारीशेजारी नांदवण्याची आपली रीत कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांना जवळची आहे. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे पाहा. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन असे सहा प्रवाह एकत्र आले. बालकांचा बाप्तिस्मा योग्य की प्रौढांचाच, ज्या प्रश्नावर मान्झला बुडवलं गेलं, तो त्यांनी कसा सोडवला? सोडवलाच नाही. दोन्ही रीती मान्य केल्या. 'प्रॉटेस्टंटांची शकलं होतच राहणार' असं म्हणणाऱ्या कॅथलिकांनी हा दाखला लक्षात ठेवावा. आणि एकीचा डौल मिरवणाऱ्यांनी एर्नाकुलमकडेही पाहावं. मिस्सेच्या वेळी पाद्र्याने लोकांकडे तोंड करावं की वेदीकडे, यावर केरळच्या, रोमशी जोडलेल्या सिरो-मलबार चर्चच्या सिनॉडने (बिशपांच्या सभेने) २०२१ साली एक पद्धत ठरवून दिली, तर वाद थेट आंदोलनापर्यंत गेला. फरक एवढाच, की तिथला वाद रोमच्या दारात जातो. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांना चित्रफितीतून स्वतः समजावणीला यावं लागलं.

अचूकत्वाबद्दल दोन शब्द, कारण त्यावर सर्वांत जास्त अफवा आहेत. पोप बोलेल ते ब्रह्मवाक्य, असं कॅथलिक मानत नाहीत. श्रद्धा किंवा नीतीच्या विषयावर, सबंध चर्चवर बंधनकारक म्हणून, विधिपूर्वक केलेली घोषणाच तेवढी अचूक. १८७० नंतर असं एकदाच निर्विवादपणे झालं, १९५० साली, मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाबाबत. पण अचूकत्वाच्या खालचा जो रोजचा अधिकार आहे तोच माणसांच्या आयुष्यात जास्त शिरतो. अँग्लिकन बिशपांनी १९३० साली काही अटींवर संततिनियमनाला वाट करून दिली. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली, पोपच्याच आयोगातल्या बहुमताविरुद्ध, कृत्रिम साधनांना मनाई केली. सव्वाशे कोटींहून अधिक माणसांच्या शयनगृहापर्यंत एका माणसाची सही पोहोचते. त्यातले कित्येक जण ती मानत नाहीत, पण न मानणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

१५ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस रोममधल्या ल्यूथरन चर्चमध्ये गेले. कॅथलिक नवरा असलेल्या एका ल्यूथरन बाईने त्यांना विचारलं, आम्ही दोघं एकत्र प्रभुभोजन कधी घेऊ शकू? महाराष्ट्रातही असे संसार आहेत. रविवारी दोघं दोन दारांनी जातात, नाहीतर एक जण प्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहतो. पोप बराच वेळ चाचपडत बोलले. बाप्तिस्मा तर एकच आहे, असं म्हणाले. परवानगी देणं आपल्या अधिकारात नाही, असंही म्हणाले. शेवटी, प्रभूशी बोला आणि पुढे जा, याहून जास्त बोलायचं माझं धाडस नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. त्या बाईच्या ल्यूथरन पाळकाला हा प्रश्न विचारला असता तर त्याने जोडप्याला त्याच रविवारी मेजावर बोलावलं असतं. आणि तिच्या नवऱ्याला, तो कॅथलिक असल्यामुळे, तिथेही जाता आलं नसतं.